टॅपेट गप्प होते तेव्हा



ह्या व्यासपीठावरून इतिहासावर बोलणारे बहुधा प्राध्यापक असतात. आम्ही शाळा सोडली ती आठवीत. त्यानंतरची आमची शाळा म्हणजे एका इंजिन-कारखान्यातील टेस्टिंग खाते, आणि तिच्यानंतरची कामगार संघटनेची कचेरी. इंग्रजी वाचावयास शिकलो तेही शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा राजेरजवाड्यांचा इतिहास आम्ही सांगू लागलो तर ती आगळीक होईल. आम्ही आज सांगणार आहोत तो एका फटीचा इतिहास. इंचाचे हजार भाग केले तर त्यांतील पंधरा भागांएवढी ही फट. साधारण एका पोस्टकार्डाच्या जाडीची. पण तीत एका पोराची नोकरी अडकली होती. आणि कारण शोधीत गेलो तेव्हा शंभर वर्षांपूर्वी वेड लागून मेलेल्या काही कामगारांपर्यंत जाऊन पोहोचलो.

प्रथम ही फट कशाची ते सांगितले पाहिजे. इंजिनाचा सिलिंडर म्हणजे एक खोली समजा. तिला दोन दारे. एका दाराने हवा आणि पेट्रोल ह्यांचे मिश्रण आत येते, दुसऱ्याने जळलेला धूर बाहेर जातो. ह्या दारांनाच व्हॉल्व्ह म्हणतात. चार सिलिंडरांच्या साध्या गाडीत असे आठ व्हॉल्व्ह. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला दीड हजार वेळा, म्हणजे सेकंदाला पंचवीस वेळा, उघडतो आणि मिटतो. उघडण्याचे काम कॅम नावाच्या उंचवट्याचे. कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्हच्या दांडीवर दाब देतो. मिटविण्याचे काम स्प्रिंगचे. आता धातू तापला की वाढतो, आणि धुराचा व्हॉल्व्ह तर भाराखाली लालबुंद होतो. म्हणून रॉकर आणि दांडी ह्यांच्यामध्ये थोडी फट मोकळी सोडावी लागते. ती नसेल तर तापून लांबलेली दांडी रॉकरला अडते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आणि न मिटलेल्या कडेवरून ज्वाळा जाऊन ती कड जळते. ह्या फटीमुळेच जुन्या इंजिनातून शिवणयंत्रासारखी टिकटिक ऐकू येते. आमच्या धंद्यात तिला टॅपेट वाजणे म्हणतात.

हा आवाज बंद करण्याचा खटाटोप जुना आहे. १८८५ साली गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख ह्यांनी जे इंजिन केले त्यात आत येण्याचा व्हॉल्व्ह पिस्टनच्या ओढीने आपोआप उघडे. यंत्राने उघडावयाचा तो फक्त धुराचा. १९०१ च्या मर्सिडीज गाडीत दोन्ही व्हॉल्व्ह यंत्राने उघडू लागले. वेग वाढला आणि त्याबरोबर खडखडाटही वाढला. शिकागोला दुग्धव्यवसायाचे नियतकालिक चालविणारे चार्ल्स येल नाइट नावाचे गृहस्थ होते. आपल्या गाडीचा हा आवाज त्यांना सोसवेना, म्हणून त्यांनी व्हॉल्व्हच काढून टाकले आणि सिलिंडरात वरखाली सरकणाऱ्या दोन नळ्या बसविल्या. इंग्लंडातील कॉव्हेंट्रीच्या डेमलर कंपनीने १९०८ मध्ये ती रचना उचलली. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १९०९ साली रॉयल ऑटोमोबाइल क्लबने तिची परीक्षा घेतली. दोन इंजिने १३२ तास भाराखाली टेस्टवर चालविली, नंतर गाड्यांत बसवून ब्रुकलंड्सच्या धावमार्गावर सुमारे दोन हजार मैल पळविली, आणि उतरवून पुन्हा टेस्टवर चढविली. इंजिने उत्तीर्ण झाली. तरीही ही रचना पुढे टिकली नाही. ती तेल फार खाई आणि धूर फार सोडी. वाजणारा व्हॉल्व्ह मागे उरला. मात्र त्या परीक्षेची रीत आम्हाला नेहमी मोलाची वाटत आली आहे. इंजिनाविषयी मत द्यावयाचे तर ते भाराखाली, तास मोजून आणि आधी व नंतर माप घेऊन द्यावे. ही रीत आमच्या पुढच्या गोष्टीत उपयोगी पडली.

२०२२ च्या हिवाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका गॅरेजचा हा प्रसंग. तेथे १९६३ सालची एक अँबॅसडर दुरुस्तीस आली होती. इंजिन १४८९ घन सेंटिमीटरचे. आराखडा ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचा, गाडीची बांधणी बंगालमधील उत्तरपाड्याची. पन्नास वर्षांवरील गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी देण्याचे केंद्र सरकारचे नियम २०२१ मध्ये निघाले, आणि तेव्हापासून अशा गाड्यांवरची धूळ झटकली जाऊ लागली आहे. ही गाडी १९९७ पासून एका व्यापाऱ्याच्या वाड्यात उभी होती. विशीतल्या एका पोराने तिचे इंजिन उतरविले, हेड खरवडून स्वच्छ केले, व्हॉल्व्ह घासून सीटवर बसविले, टॅपेट लावले. मालक गाडी घेऊन हमरस्त्याने पुण्यास चार वेळा जोरात जाऊन आले. आरंभी टॅपेट वाजत होते. पुढे ते हळूहळू गप्प झाले, तेव्हा मालक खूष झाले. पण तिसऱ्या आठवड्यात गाडी सकाळी सुरू होईना, आणि झाली तरी एका सिलिंडरात मिस मारू लागली.

निदान तत्काळ झाले. पोराने टॅपेट टाइट लावले, व्हॉल्व्ह जाळला! गॅरेजवाल्यांनी त्याला सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितले आणि महिन्याचा पगार अडकवून ठेवला. पोराचा बाप आमच्या संघटनेचा जुना सभासद. तो रात्री आमच्या घरी येऊन बसला. बराच वेळ काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गॅरेजात गेलो. तेथले वस्ताद सत्तरी ओलांडलेले. टॅपेट कधी गप्प झाले, एवढेच त्यांनी मालकांना विचारले, आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, टॅपेट वाजतंय तवर भ्यायचं न्हाई. गप्प झालं की समजायचं, आत कायतरी बिघडाय लागलंय."

गॅरेजवाल्यांशी आम्ही भांडलो नाही. आपण सारे मिळून इंजिनालाच विचारू, एवढेच म्हटले. त्यांनाही ते पटले.

पहिला प्रश्न कॉम्प्रेशनचा. तीन सिलिंडर जवळजवळ सारखे निघाले. तिसऱ्याचा दाब निम्म्याहून कमी. त्या सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट बुजून दाब वाढला असता. तो वाढला नाही. म्हणजे रिंगा निर्दोष. मग पिस्टन माथ्यावर आणून प्लगच्या भोकातून हवा भरली. कार्बुरेटरशी कान लावला, शांत. तेल भरावयाच्या तोंडाशी लावला, शांत. सायलेन्सरच्या तोंडाशी मात्र फुसफुस ऐकू आली. तेव्हा दोष धुराच्या व्हॉल्व्हचा हे ठरले. पण दोष कोठे आहे हे कळणे निराळे आणि तो का आला हे कळणे निराळे.

म्हणून कॅमपासून वर चढत गेलो. डायल गेज लावून आठही कॅमची उचल मोजली. ती सारखी होती. पुशरॉड काचेवर लोळवून पाहिले. वाकडा एकही नव्हता. स्प्रिंगा शेजारीशेजारी उभ्या केल्या, उंची एकच. रॉकरच्या टोकांना खळगे पडलेले आढळले. अशा खळग्यावर फिलर गेज पुलासारखी आडवी राहते आणि माप चुकते. पण त्या चुकीने खरी फट मापापेक्षा मोठी राहते, लहान नव्हे. म्हणजे तेही कारण नव्हे.

शेवटी फटी मोजल्या. ह्या इंजिनाला नवाचा हिशेब आहे. आठ व्हॉल्व्ह ओळीने मोजावेत. ज्याची फट पाहावयाची त्याचा क्रमांक नवातून वजा करावा, आणि उरेल त्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना माप घ्यावे. आठवा उघडा तर पहिला मोजावा, चौथा उघडा तर पाचवा. ह्या इंजिनात धुराचे व्हॉल्व्ह म्हणजे पहिला, चौथा, पाचवा आणि आठवा. ह्या चारांच्या फटी कमी झाल्या होत्या, आणि पाचव्याची, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरची, फट उरलीच नव्हती. आत येण्याचे चार व्हॉल्व्ह मात्र पंधरावर जसेच्या तसे.

आम्ही म्हणालो, निष्काळजी हाताची चूक अशी निवडून फक्त धुराच्याच व्हॉल्व्हवर पडत नाही. गॅरेजवाले म्हणाले, पोराने ते चारच टाइट लावले असतील. त्यांची शंकाही अगदीच टाकाऊ नव्हती. तिला उत्तर एकच होते. जळलेला व्हॉल्व्ह बदलला, सीट पुन्हा कापल्या, आणि मालक, गॅरेजवाले, वस्ताद आणि आम्ही ह्यांच्यासमक्ष आठही फटी पंधरावर लावून आकडे कागदावर लिहिले. गॅरेजात भंगारातून आणलेला पाण्याचा ब्रेक होता. त्यावर इंजिन चढवून तीन हजारांवर फेऱ्यांनी, भाराखाली, दोन दिवसांत दहा तास चालविले. रात्रभर थंड होऊ देऊन तिसऱ्या दिवशी सकाळी मापे घेतली. आत येण्याचे चारही व्हॉल्व्ह पंधरावर. धुराचे मात्र पहिला १०, चौथा ८, पाचवा ७, आठवा १०. चौथा आणि पाचवा हे शेजारी आहेत, त्यांचा धूर एकाच वाटेने जातो, तेथे उष्णता अधिक. म्हणून तेथे फट अधिक मिटली. ह्या वेळी टॅपेट पोराने लावले नव्हते, आम्ही सर्वांनी मिळून लावले होते. गॅरेजवाले बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले.

हेड उघडल्यावर कारण डोळ्यांना दिसले. धुराचे व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये खाली रुतले होते. एका बाजूला तबकडी रुतली की दुसऱ्या बाजूला दांडी तेवढीच वर येते आणि रॉकरजवळची फट खाते. टॅपेट गप्प झाले होते ते ह्यामुळे. ह्या हेडला सीट निराळी बसविलेली नसते. बिडाच्या ओतिवातच ती कापलेली असते. लालबुंद व्हॉल्व्ह ह्या मऊ सीटवर आपटतो, क्षणभर तिला चिकटतो, उचलताना तिचे सूक्ष्म कण उपटून नेतो, आणि ते कण जळून त्याच्याच कडेवर कानशीसारखे बसतात. मग प्रत्येक फेऱ्याला सीट कानसली जाते. शहरात सावकाश चालणाऱ्या गाडीला हे फारसे भोवत नाही. हमरस्त्यावर तासन्तास जोरात पळणाऱ्या गाडीला भोवते.

मग साठ सालापासून अशी इंजिने चालली कशी? पेट्रोलात शिसे होते म्हणून. त्या शिशाचा पातळ थर सीटवर बसे आणि दोन धातूंची गाठ पडू देत नसे. ह्या गाडीच्या पोटात शेवटचे पेट्रोल गेले ते १९९७ च्या आधीचे, शिशाचे. तो जुना थर पोराने खरवडून काढला. इंजिन बांधताना तो काढावयाचाच असतो. त्यानंतर इंजिनाला मिळाले ते बिनशिशाचे पेट्रोल, आणि सीट उघडी पडली. पोराने काम जितके स्वच्छ केले, तितकाच तो अपराधी ठरला होता.

आता शिसे पेट्रोलात आले कोठून? ते व्हॉल्व्हसाठी आलेच नव्हते. ते आले दुसरा एक आवाज बंद करण्यासाठी. सिलिंडरात मिश्रण दाबून जाळताना त्याचा काही भाग वेळेआधीच भडकला तर इंजिन ठोका देते. हा ठोका थांबविण्याचे औषध जनरल मोटर्सच्या डेटन येथील प्रयोगशाळेत टॉमस मिजली ह्या संशोधकाला ९ डिसेंबर १९२१ रोजी सापडले. त्याचे नाव टेट्राएथिल लेड. शिसे हे विष आहे ही गोष्ट रोमन लोकांच्या काळापासून माहीत होती. विक्रीसाठी नाव ठेवले ते 'एथिल'; त्यात शिशाचा उच्चारही नाही. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन येथेच विक्री सुरू झाली. अल्कोहोल मिसळूनही ठोका थांबतो हे मिजलीला ठाऊक होते. पण अल्कोहोल कोणीही गाळू शकतो, त्यावर मक्तेदारी चालत नाही. आज आपल्याच जिल्ह्यातील साखर कारखाने इथेनॉल गाळतात, आणि २०२५ साली भारतात पेट्रोलातील त्याचे प्रमाण शेकडा वीसवर गेले. इतिहासाचे चाक असेही फिरते.

शिशाच्या पहिल्या चाचण्यांत अडचण आली ती पुन्हा व्हॉल्व्हचीच. शिशाची राख स्पार्क प्लगवर आणि धुराच्या व्हॉल्व्हवर साचू लागली आणि व्हॉल्व्ह खराब होऊ लागले. त्यावर ब्रोमीनचे एक संयुग मिसळण्याचा तोडगा निघाला. त्याने शिसे वायुरूप होऊन धुराबरोबर बाहेर जाऊ लागले. बाहेर म्हणजे कोठे? रस्त्यावर, आणि रस्त्यावर चालणाऱ्यांच्या छातीत. इंजिन मात्र स्वच्छ राहिले.

ऑक्टोबर १९२४ च्या अखेरीस न्यूजर्सीतील बेवे येथे, स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात, हे द्रव्य बनविणाऱ्या कामगारांना भास होऊ लागले. काहींना बांधून इस्पितळात न्यावे लागले. पाच जण मेले, तीसहून अधिक आजारी पडले. ज्या इमारतीत हे काम चाले तिला कामगारांनी आधीच वेड्यांच्या वायूचे नाव ठेवले होते. त्याच प्रांतात डीपवॉटर येथे, ड्यूपाँच्या कारखान्यात, कामगार हवेतील नसलेले किडे हातांनी हाकलीत. त्या खात्याला ते फुलपाखरांचे घर म्हणत. तेथेही माणसे मेली. आणि बेवेच्या मृत्यूंविषयी कंपनीच्या बाजूने पहिला खुलासा काय झाला? ही माणसे फार कष्ट करीत, त्याने त्यांना वेड लागले असावे! श्रोतेहो, हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते. मिजली ह्यांनी त्याच महिन्यात वार्ताहरांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि मिनिटभर हुंगून दाखविले. आदल्या वर्षी शिशाच्याच बाधेमुळे आपल्याला विश्रांती घ्यावी लागली होती, हे त्यांना ठाऊक होते.

२० मे १९२५ रोजी वॉशिंग्टनला परिषद भरली. कारखान्यांतील विषबाधेचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन ह्यांनी धोक्याची सूचना दिली. कामगारांच्या बाजूने ग्रेस बर्नहॅम ह्या बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी मेलेल्यांची आठवण करून दिली. पुढे एक समिती नेमली गेली. तिने अवघ्या काही महिन्यांच्या पाहणीवरून जानेवारी १९२६ मध्ये सांगितले की बंदी घालण्यास पुरेसे कारण दिसत नाही; मात्र पाहणी पुढे चालू ठेवावी. पुढील चाळीस वर्षे बहुतेक पाहणी उद्योगाच्याच पैशाने चालली. रॉयल ऑटोमोबाइल क्लबने १९०९ साली दोन इंजिनांना जी कसोटी लावली होती, आधी माप, मग भार, मग पुन्हा माप, आणि तीही त्रयस्थाच्या हातून, ती माणसाच्या वाट्याला आली नाही. शिसे सावकाश चढते. ज्याला ते चढते तो एकदम ओरडत नाही.

तक्रार ऐकू आली ती पुढे, आणि भलत्याच ठिकाणाहून. पृथ्वीचे वय मोजणारे शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन ह्यांना आपल्या प्रयोगशाळेत जिकडेतिकडे शिसे सापडू लागले. हे शिसे माणसानेच पसरविले आहे असे त्यांनी १९६५ साली मांडले. १९७९ साली हर्बर्ट नीडलमन ह्यांनी बॉस्टनजवळच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून दाखवून दिले की ज्यांच्या दातांत शिसे अधिक, ती मुले बुद्धीच्या चाचणीत मागे पडतात. भारतात १९९५ च्या एप्रिलात चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले. १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर झाले. रस्त्यावरील मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ च्या जुलैत संपले. म्हणजे बेवेच्या मृत्यूंनंतर जवळजवळ सत्त्याण्णव वर्षांनी.

गॅरेजात हे सारे आम्ही थोडक्यात सांगितले तेव्हा मालकांनी साहजिकच विचारले, मग थोडे शिसे मिळवून पेट्रोलात टाकले तर? वस्तादांनीच उत्तर दिले, "सीट बदलू की मालक. तुमच्या गाडीपायी आमच्या पोरांनी ते कशापायी हुंगायचं?" शेजारच्या वर्कशॉपमध्ये हेडला खाचा पाडून धुराच्या चार व्हॉल्व्हना कडक पोलादाच्या कड्या बसविल्या. पुन्हा दहा तास टेस्ट घेतली. आठही फटी पंधरावर राहिल्या. हा उपाय नवा नव्हे. शिशाच्या सोयीपुढे ह्या बिडाच्या हेडांना त्याची गरज कोणास वाटली नव्हती, इतकेच.

पोरगा कामावर परत आला. अडकवलेला पगार मिळाला, आणि गॅरेजवाल्यांनी चारचौघांत आपली चूक कबूल केली. हे त्यांचे मोठेपण आम्ही नमूद करतो. मात्र आम्ही आणखी एक मागणी केली आणि ती मान्य झाली. आता त्या गॅरेजात बांधलेल्या प्रत्येक इंजिनाला एक कार्ड लावलेले असते. त्यावर आठ फटींची मापे, तारीख, आणि लावणाऱ्याची व तपासणाऱ्याची सही. पुढे काही बिघडले तर बोट दाखविण्यापूर्वी ते कार्ड वाचावयाचे. बेवेच्या कामगारांपाशी असे कार्ड असते, कामावर जाण्यापूर्वीचे माप आणि नंतरचे, तर त्यांच्या वेडाचे खापर त्यांच्या कष्टांवर फोडणे इतके सोपे झाले नसते.

ती अँबॅसडर आजही कधीकधी रविवारी सकाळी आमच्या कचेरीवरून जाते. टॅपेट वाजत असतात. आम्ही कागदावरून मान वर न करता ऐकतो आणि पुन्हा कामाला लागतो.